तेजोमतीचा चौथा भाग

त्या खाडीतल्या सगळ्या नावा काठाला बांधलेल्या होत्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. भरती आली की त्या उचलल्या जात, ओहोटी लागली की चिखलात बसत. खाडीच्या मुखाशी वाळूचा एक दांडा होता आणि त्याच्यापलीकडे समुद्र आहे, असं सगळ्या मानत. पाहिला मात्र कुणीच नव्हता. तशी गरजही कधी पडली नव्हती, कारण त्यांच्याकडे तेजोमतीची गोष्ट होती.

दर बारा वर्षांनी मोठं उधाण येई. त्या पाण्यावर दांडा ओलांडून कथेकरी पडाव, गोष्ट दाखवणारी मोठी नाव, खाडीत शिरे आणि तीन दिवस मुक्काम करी. ऊन उतरलं की तो समुद्राच्या बाजूला आपलं रुंद पांढरं शीड उभारी. शिडाच्या मागे बांबूंवर बसवलेल्या लाकडी आकृत्या हलत, मावळतीच्या उन्हानं त्यांच्या सावल्या शिडावर पडत आणि काठावरच्या नावा डोळे ताणून बघत. पहिल्या भागात तेजोमती नावाची लहानशी होडी आपला दोर सोडते, दांडा ओलांडते, समुद्र संपतो तिथून वर चढते आणि ताऱ्यांमध्ये पोचते. दुसऱ्या भागात ती तारे गिळणाऱ्या काळ्या भोवऱ्याशी झुंजते. तिसऱ्यात भोवरा उलटा फिरतो आणि गिळलेले तारे एकेक करून परत देतो. काहींच्या मते गोष्ट तिथेच संपायला हवी होती. असं म्हणणाऱ्याही पुढल्या उधाणाचे दिवस मोजत होत्या, ही गोष्ट वेगळी.

या प्रेमापायी खाडीत एक रीत पडली होती. तेजोमतीच्या दोराला तिहेरी गाठ होती. पहिला भाग पाहिला त्याच दिवशी प्रत्येक नावेनं हौसेनं आपल्या दोराला तशीच गाठ मारून घेतली. तेजोमती ती गाठ गोष्टीच्या सुरुवातीलाच सोडते, हेही सगळ्यांना पाठ होतं. पण खाडीत मान गाठ सोडण्याला नव्हता, गाठ जुनी असण्याला होता. पहिल्या दिवसाची गाठ अजून तशीच असेल, तर पुढच्या रांगेत जागा. एकदा जरी सोडून पुन्हा बांधली, तरी मागे चिखलाच्या कडेला जायचं आणि तिथून बघायचं. त्यामुळे गाठींवर शेवाळ चढलं, शिंपले बसले, मीठ भरलं, तरी त्यांना कुणी हात लावत नसे. ज्याच्या गाठीवर शिंपले जास्त, त्याच्या मताला वजन जास्त.

सगळ्यात जास्त शिंपले धाकोजी नावाच्या मचव्याच्या गाठीवर होते. धाकोजीला तिन्ही भाग तोंडपाठ. तेजोमतीच्या शिडाला ठिगळं सतरा, त्यातली दोन निळी, आणि निळ्यातलं एक तिसऱ्या भागात चुकून डावीकडे गेलं आहे, हे तो झोपेतही सांगे. त्याला हसणाऱ्या नावाही अडलं की त्यालाच विचारत. आणि हसावं असं त्याच्यात फारसं काही नव्हतं. पहिला भाग पाहिला तेव्हा तो अगदी कोवळा होता, अंगाचा डांबराचा वास गेला नव्हता. शिडावरची ती चिमुकली होडी दांडा ओलांडताना पाहून त्याच्या सगळ्या फळ्यांतून एक शहारा गेला होता. तसा शहारा पुन्हा कधी आला नाही, आणि तो तेवढ्यासाठीच छत्तीस वर्षं वाट बघत बसला होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या सुरंगीला मात्र ठाऊक होतं.

सुरंगी ही एक साधी होडी. पहिल्या दिवसाची गाठ, म्हणून पहिल्या रांगेत, धाकोजीच्या उजव्या हाताला. ती फार बोलत नसे. तिला ठिगळांची संख्या आठवत नसे आणि विचारलं तर ती लाजत असे. तिला एकच उत्सुकता होती: दांड्यापलीकडचं पाणी पुढच्या टोकावर, नाळेवर, आपटतं तेव्हा कसं लागतं? प्रत्येक भागात ती तेवढंच शोधत आली होती, आणि प्रत्येक भागात तेजोमती ते पाणी झटक्यात मागे टाकून ताऱ्यांकडे निघून जाई. पुढच्या भागात दाखवतील, असं म्हणून सुरंगी थांबत राहिली.

आता तिच्या फळ्या सुटत चालल्या होत्या आणि रोजची भरती तिला चिखलातून उचलत नसे. तिच्या तळाशी एक म्हातारा खेकडा राहत असे. तो रोज भेगा तपासून येई आणि गोड बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

“बाय, हे उधाण तुला उचलील,” तो म्हणाला होता. “पुढचं नाही उचलायचं. बारा वर्षांनी तू होडी नसशील, जळण असशील. जायचं मनात असेल तर या खेपेला. नसेल तर तसं सांग, म्हणजे मी दुसरीकडे घर बघतो.”

“आधी चौथा भाग तर बघू दे,” सुरंगी म्हणाली.

उधाण आलं. त्या खेपेला आलेला पडाव नवा होता. जुना कथेकरी आता चालत नव्हता. त्याच्याच बऱ्या उरलेल्या फळ्या काढून हा बांधलेला होता. त्यावरूनच पहिली कुजबुज झाली. अजून शीडही चढलं नव्हतं आणि मागच्या रांगेत दोघींनी नाकं मुरडली. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे, इथे चुलीच्या धुरावरूनच चालली होती. धाकोजीनं त्यांना दटावलं. त्यानं पहाटेपासून नाळ घासून लख्ख केली होती आणि पुढच्या चार पिढ्यांना सांगता येईल असं काहीतरी आज दिसणार, याची त्याला खात्री होती.

ऊन उतरलं. शिडावर सावली आली, आणि ती तेजोमतीची आहे हे ओळखायला खाडीला बराच वेळ लागला. तेजोमती म्हातारी झाली होती. तिची डोलकाठी कलली होती, तळातून पाणी येत होतं. तारे मागे राहिले होते आणि ती एकटी परत येत होती. वाटेत एका काळ्या बेटाशी तिचा दोर खडकात अडकतो. गाठ काही केल्या सुटत नाही, तेव्हा ती दोर खडकावर घासून तोडते आणि पुढे निघते. शेवटी ती वाळूच्या एका दांड्याशी येऊन थांबते. आत येत नाही. बाहेरूनच विचारते, “कुणी येतंय का?” मग नुसतं दांड्यावर फुटणारं पाणी दिसतं. बराच वेळ दिसतं. त्यावर पडावानं शीड उतरवलं.

दुसऱ्या दिवशी खाडीत भरती कधी आली आणि ओहोटी कधी लागली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एक बाजू म्हणत होती की तेजोमती म्हातारी होऊच शकत नाही. दुसरी म्हणत होती की म्हातारी होईना का, पण गळते कशाला? भोवरा कुठे गेला, असा एकीचा सवाल. परत मिळालेल्या ताऱ्यांचं पुढे काय झालं, असा दुसरीचा. मागच्या रांगेतल्या काही कोवळ्या होड्यांना भाग फार आवडला होता. त्या तसं म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या गाठी किती वर्षांच्या हे त्यांना विचारण्यात आलं. पण सगळ्यांचा खरा राग होता दोरावर. तेजोमती दोर सोडते. तेजोमती दोर तोडत नाही. यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं, आणि दुपारभर खाडीत टिकलेलं एकमत तेवढंच.

धाकोजी कुठल्याच बाजूनं बोलला नाही. तो सुरंगीजवळ सरकला, दोर देईल तेवढा.

“मला शहारा आला नाही,” तो हळूच म्हणाला. “मी वाट बघत होतो. दांडा आला, म्हटलं आता येईल. नाही आला. माझ्यातच काही उरलं नाही की काय गं?”

सुरंगीला त्याची फार कणव आली. “तसं नसेल,” ती म्हणाली. “तिनं विचारलं ना, कुणी येतंय का? ते कुणाला विचारलं असेल, दादा?”

“गोष्टीतल्या कुणाला तरी,” धाकोजी म्हणाला. “पुढच्या भागात कळेल.” आणि मग, जरा तिखटपणे, “पण मी म्हणतो, पुढचा भाग हवा कुणाला? उद्या त्याला पहिलाच पुन्हा दाखवायला सांगू. जसा होता तसा.”

ही सूचना खाडीला पसंत पडली. संध्याकाळी पडावाला तसा निरोप गेला. पडावानं वाद घातला नाही. तो इतकंच म्हणाला, “पहिल्याच्या आकृत्या माझ्याकडे आहेत, पण जुन्या झाल्या आहेत. बघतो.”

त्या रात्री सुरंगीनं खेकड्याला हाक मारली. तिला भीती वाटत होती आणि तिनं ती लपवली नाही.

“गाठ सुटेल का रे?”

“छत्तीस वर्षांची गाठ,” खेकडा म्हणाला. “दगड झाला आहे तिचा. माझ्या आजोबांनाही सुटली नसती.”

“आणि दोर?”

खेकडा वर आला. त्यानं नांगीनं दोर चिमटून पाहिला, दोन ठिकाणी दाबून पाहिला. “दोर मऊ आहे,” तो म्हणाला. “उद्या दुपारपर्यंत लागेल. एकदा तोडला की परत यायला जागा नाही, हे माहीत आहे ना? पुढची रांग गेली. मागचीही गेली.”

“माहीत आहे.”

“आणि दांड्यावर तुझी एखादी फळी सुटेल. मग पोहायचं मी, तू नाही.”

“तेही माहीत आहे,” सुरंगी म्हणाली. “तू ये किंवा उतर. मी वाईट वाटून घेणार नाही.”

खेकड्यानं नांग्या परजल्या. तो दोराला लागला.

तिसऱ्या दिवशी पाणी सगळ्यात जास्त चढलं. सुरंगीचा तळ चिखलातून सुटला आणि कितीतरी वर्षांनी तिला आपलं वजन जाणवलं नाही. दुपारी दोर एका धाग्यावर आला. ऊन उतरायला लागलं तसं पडावानं शीड चढवलं, आणि त्याच वेळी काठावर नवा तंटा उभा राहिला. पहिला भाग सबंध बघायचा, की नुसता दांडा ओलांडण्यापर्यंत? पुढचा ताऱ्यांचा प्रवास हल्ली जरा लांबट वाटतो, असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि ते ऐकून धाकोजी संतापानं मागच्या रांगांकडे तोंड करून उभा राहिला होता. पुढच्या रांगेतल्या सगळ्याच नावा त्याच्या पाठोपाठ वळल्या. पाणी नुकतंच समुद्राकडे ओढ घेऊ लागलं होतं. शेवटचा धागा आवाज न करता तुटला.

सुरंगीला वल्हं नव्हतं, धड शीडही नव्हतं. ओहोटी नेईल तशी ती गेली. पडावाच्या बाजूनं जाताना तिला आत बांबूंवरच्या आकृत्या आडव्या पडलेल्या दिसल्या. पडाव त्यांच्यातून पहिल्या भागाची तेजोमती शोधत होता. त्यानं वर पाहिलं.

“दांड्यापलीकडे काय होतं?” सुरंगीनं विचारलं. “तुम्ही तर तिथूनच आलात.”

“मी मोठा आहे, मला तिथलं पाणी नीट लागत नाही,” पडाव म्हणाला. “तुला लागेल.” त्यानं हातातली आकृती खाली ठेवली आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

काठावर धाकोजीचं बोलणं संपलं. सबंध भागच बघायचा, असं ठरलं. नावा पुन्हा शिडाकडे वळल्या, आणि शिडावर एक लहानशी सावली आलेली होती.

सावली लाटेबरोबर वर जाई, खाली येई. ती एका बाजूला कलली होती. दांड्याजवळ ती अडखळली, तिची एक फळी निसटली, ती गर्रकन फिरली, आणि क्षणभर नुसतं फुटणारं पाणी दिसलं. मग ती पलीकडे वर आली. तिच्या कडेवर नांग्या उगारलेलं काहीतरी बारीकसं बसलं होतं. शिडाच्या टोकाला पोचेपर्यंत ती दिसत राहिली आणि मग उन्हात विरली.

“ठिगळं नव्हती,” मधल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. “एकही नव्हतं.”

“आणि दोर सोडताना दाखवलंच नाही. तोच तर मुख्य प्रसंग.”

“फिरली ते बरं होतं. पण पहिल्या भागात ती अशी फिरत नाही. आणि ते नांग्यांचं काय मध्येच?”

धाकोजीनं यातलं काही ऐकलं नाही. त्याच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत सगळ्या फळ्या शहारल्या होत्या, आणि त्याला आपण कोवळे आहोत असं वाटत होतं. पांढऱ्या शिडावरची नजर न काढता तो आनंदानं म्हणाला, “सुरंगी, बघितलंस? हीच ती. मी म्हणत नव्हतो?”

तिनं उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं उजवीकडे पाहिलं. तिथे एका होडीपुरतं पाणी मोकळं होतं, आणि ते हळूहळू समुद्राकडे सरकत होतं.