वेलाईची धाग्याची शेंग

ऐका वेलाई, तुमची कहाणी. बायांनो, पोरं मांडीवर घ्या, हातातली कामं खाली ठेवा.

आटपाट डोंगर होता. डोंगराच्या पोटाशी एक वाडी होती. वाडीत एक म्हातारी, तिला दोन सुना. थोरली वेगळी राहायची, धाकटी गोजरा सासूपाशी. गोजराला एकुलती लेक, ठकू. नवसाची पोर, म्हणून कमरेला काळ्या धाग्याचा करगोटा बांधलेला.

सासूला वेलाईचा वसा होता. आषाढ आला की परसात पाच काठ्या रोवी. पाच काठ्यांशी पाच जातींचा घेवडा लावी. पांढरा, काळा, तांबडा, कवड्या आणि पट्ट्यापट्ट्यांचा वाघ्या. शेंगा धरल्या की प्रत्येक वेलीची पहिली शेंग निवडी, तिला धागा बांधी. ती वेलाईची. ती खुडायची नाही. वेलीवरच वाळू द्यायची, पुढच्या आषाढात पेरायची. पाची जातींच्या बाकीच्या शेंगा एका भांड्यात शिजवायच्या, शेजारीपाजारी वाटायच्या, मग आपण खायच्या.

डोळे मिटायच्या आधी सासूनं वसा गोजराला दिला. म्हणाली, "पोरी, उतू नको, मातू नको. धाग्याच्या शेंगेला हात लावू नको." गोजरा म्हणाली, "नाही लावायची."

मग काय झालं? भादव्यात घरी पाहुणे आले. गोजरानं पांढऱ्या घेवड्याची भाजी केली, लोण्यासारखी मऊ. पाहुण्यांनी बोटं चाटली, गोजरा फुगली. तेवढ्यात थोरली जाऊ पाची जातींची भाजी घेऊन आली. गोजरा चारचौघांत हसली. "अक्का, हा राठ वाघ्या गुरांना घाल गं!" जावेनं भांडं झाकलं नि परत गेली. मग भाजी कमी पडली. गोजरा परसात गेली. काळ्याची धाग्याची शेंग खुडली. तांबड्याची खुडली. कवड्याची, वाघ्याची खुडली. धागे चुलीत टाकले, शेंगा भांड्यात टाकल्या. बी राखलं ते एकट्या पांढऱ्याचं.

पुढच्या आषाढात पाची काठ्यांशी तिनं पांढराच लावला. वाडीतल्या बायांनीही तिच्याकडूनच बी नेलं. वेल झरझर चढले. मग एका पानावर तांबूस ठिपका आला. मग सगळ्या वेलीवर आला. मग सगळ्या वाडीवर आला. तांबेऱ्यानं पानं जळाली, फुलं गळाली. परसात नुसत्या काठ्या उभ्या राहिल्या.

त्याच दिवशी भर पावसात दारी एक म्हातारी आली. पाऊस धो धो पडतोय, पण म्हातारीचं लुगडं कोरडं. म्हणाली, "बाई, माझी धाग्याची लेकरं कुठायत?" गोजरा म्हणाली, "कसली लेकरं? पुढच्या घरी जा." म्हातारीनं ठकूकडे पाहिलं, करगोट्याकडे पाहिलं. "माझी धाग्याची तू खाल्लीस. तुझं धाग्याचं मी नेते."

गोजरानं म्हातारीचे पाय धरले, रडली, करुणा भाकली. म्हातारी म्हणाली, "माझी पाची परत आण. मग बघू." "आई, कुठून आणू?" "तुला हसू आलं होतं तिथून आण." एवढं बोलली नि दिसेनाशी झाली.

ठकूनं अन्न सोडलं. पेज नको, दूध नको, गूळ नको. करगोटा सैल झाला. गोजरानं गाठ मारली. पुन्हा सैल झाला, पुन्हा गाठ मारली. गाठीवर गाठ चढत गेली, पोर वाळत गेली.

हसू कुठं आलं होतं ते गोजराला पक्कं ठाऊक. पण जावेला तोंड कसं दाखवायचं? म्हणून ती वरच्या आळीत गेली. "बायांनो, वाघ्याचं बी आहे?" "तुझाच पांढरा लावला, तो जळाला." खालच्या आळीत गेली. "काळ्याचं आहे?" "तुझाच पांढरा लावला." दारं लागली. मग पोरीला खांद्यावर टाकून ती जावेच्या दारी गेली.

जावेच्या परसात वेल हिरवेगार. पांढऱ्याची पानं गेली होती, पण शेंग तगली होती. पाची शेंगांना धागे; सासूचं बघून तीही बांधी. गोजरा म्हणाली, "अक्का, मी चुकले. माझी पोर जातेय गं." जाऊ म्हणाली, "आधी तिला खाली घे, पांघरूण घाल. शेंगा तुझ्याच. पण बघ, अजून हिरव्या आहेत. आता खुडल्या तर बी रुजायचं नाही."

गोजराचा हात धाग्यापर्यंत गेला. मागे आला. "अक्का, थांबते."

मग ती वेलीखाली बसली. पाऊस आला, शेंगांवर पदर धरला. वानरं आली, ओरडून हाकलली. शेंगा वाळत होत्या, पोरही वाळत होती. आधी कोण? गोजराला शेंगांकडे बघवेना, पोरीकडेही बघवेना.

अखेर शेंगा खुळखुळल्या. जावेनं पाची खुडून गोजराच्या ओंजळीत दिल्या. पाठीमागून म्हातारीचा आवाज आला, "आणलीस? दे. मला भूक लागलीय, बी भाजून दे."

गोजरा जावेच्या चुलीपाशी गेली. शेंगा सोलून बी मुठीत घेतलं, तवा ठेवला. तवा तापला, पण मूठ उघडेना. म्हणाली, "आई, भाजायला नाही देत. भाजलं की मेलं."

"मग पोर नेऊ?"

ठकूचा श्वास घशात अडकला. गोजरानं बी जावेच्या पदरात टाकलं, लेक जावेच्या मांडीवर दिली. म्हणाली, "बी अक्का पेरील, पोरीला अक्का पोसील. भूक भागत नसेल तर मला ने." आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली.

म्हातारी म्हणाली, "मी मागितलं तरी बी दिलं नाहीस. आता वसा तुझा झाला." गोजरानं वर पाहिलं तर अंगणात कोणी नाही. आतून ठकूची हाक आली, "आई, भूक."

मग आषाढ आला. गोजरानं पाची जाती लावल्या, घरोघर पाची जातींचं बी दिलं. वेलाईनं लेक दिली, वेल दिले, तुटलेली जाऊ दिली. भीती तेवढी काढून नेली नाही. दर आषाढात कोंब वर येईपर्यंत गोजराला घास गोड लागत नसे. बाया विचारीत, "आता गं कसली भीती?" ती म्हणे, "असू दे. ही आहे म्हणून हात आवरतो."

जशी वेलाई गोजराला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो, आणि तिच्यासारखं भ्यायला लावून मग न पावो. साठा शेंगांची कहाणी पाचा बियांत सुफळ संपूर्ण.