घाणेरीची हद्द

निंबवडीच्या इनामदारांनी शोभेसाठी घाणेरीचं कुंपण लावलं. घाणेरी ती, एका जागी थोडीच राहणार! दोन वर्षांत ती शेजारच्या सरूआक्काच्या परसात घुसली आणि वांग्यांचे वाफे गिळू लागली. आक्काचं घर त्या एवढ्याशा परसावरच चालायचं. तिने कोयता घेऊन झुडपं तोडली, तसे इनामदार गावकऱ्यांना घेऊन कुंपणाशी आले.

"माझ्या झाडाला हात लावतेस? ऐका रे सगळे! ज्याचं झाड जिथवर पसरलं, तिथवर जमीन त्याची. हा माझा न्याय!"

लोकांनी माना खाली घातल्या. ऐन बोलायच्या वेळी गावं अशीच मुकी होतात.

आक्का मात्र वाकली. वाफ्याच्या कडेची हराळी तिने बोटांनी उचलली आणि एकेक पेर धरत निघाली. हराळी कुंपणाखालून पलीकडे गेली होती. गुलाबांच्या आळ्यांतून ती थेट इनामदारांच्या ओसरीच्या पायरीशी पोचली होती.

आक्का त्या पायरीवर ऐसपैस बसली. "ही माझ्या वाफ्यातली हराळी. म्हणजे इथवर जमीन माझी. आणि रोज सकाळी गणपतीला तुम्ही हिच्याच दूर्वा खुडता ना, इनामदार? मला न विचारता?"

लोक हसले. इनामदारांच्या तोंडावर, पहिल्यांदाच.

इनामदार चाचरले, "मग आता... करायचं काय?"

"कुदळ देते की माझी. घाणेरी मुळासकट काढा," आक्का म्हणाली. "दूर्वा मात्र खुशाल खुडा. देवाला मी अडवत नाही."