डोंगरावर लावलेला कॅमेरा

एकदा एका म्हाताऱ्या फोटोवाल्यानं भर कामात आपल्या शिष्येच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी गुंडाळली. म्हातारं खोडकर होतं, पण खुळं नव्हतं. ऐका.

शिष्येचं नाव वैजयंता. तिच्या सासरच्या देव्हाऱ्यात देवीचा चांदीचा टाक होता, रुपयाएवढा. पिढ्यान्‌पिढ्या चोळून चोळून पार झिजलेला. झिजला की आटवायचा आणि त्याच चांदीचा नवा घडवायचा, अशी रीत. सासूबाईंची एकच अट होती. "तोंड तेच पाहिजे. दुसऱ्याच कुणाला देवी म्हणून मी पुजायची नाही."

म्हणून आटवायच्या आधी फोटो काढायचा आणि सोनारानं तो बघून नवा टाक कोरायचा, असं ठरलं. सूनबाईंनी हौसेनं काम अंगावर घेतलं.

सोनाराकडं शेगडी फुललेली. वैजूनं आबांची, म्हणजे त्या म्हाताऱ्याची, क्लोज-अपची काच आणली होती. चष्म्याच्या भिंगासारखी दिसते, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची. बसवली. फोटो काढला. नुसतं धुकं. फोकसची कडी डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली. धुकंच.

"पोरी, रेडिओवर स्टेशन शोधतेस काय?" सोबत आलेले आबा चहा फुंकत म्हणाले.

"चेष्टा नको, आबा! काचच भिकार आहे. मोठी खास लेन्स पाहिजे होती."

सोनारानं शेगडीवर तापलेल्या मुशीकडं बघितलं. "वहिनी, मुहूर्त चाललाय. टाकू का आत?"

वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं. एकदा वितळलं की ते तोंड परत कुठून आणायचं?

आबा उठले. त्यांनी कडी फिरवत पार शेवटाला नेली, लांबचा डोंगर काढताना ठेवतात तिथं. वरून चिकटपट्टी मारली.

"अहो, देवी नाकासमोर आणि कॅमेरा डोंगरावर? माझे हातच बांधलेत की!"

"हात बांधले. पाय मोकळे आहेत ना?" आबा हसले. मग हळू बोलले. "ही काच माझ्यासारखी आहे, बाई. मागचा कॅमेरा डोंगरावर असला, तरी हिला वीतभरावरचं मोत्यासारखं दिसतं. बोटभर इकडंतिकडं झालं की आंधळी. तिचा कान कितीही पिरगाळ, तिची वीत फारशी बदलायची नाही. मग सरकायचं कुणी? मघापासून देवीला आपल्याकडं ओढतेस. तू जा की तिच्याकडं."

वैजूनं कोपरं टेकली. श्वास रोखला. तांदळाच्या दाण्याएवढी पुढं सरकली. धुकं. आणखी दाणाभर. आणि धुक्यातून एक डोळा वर आला. मग झिजलेलं नाक. मग गाल, हनुवटी. तिनं बटण दाबलं.

सोनारानं फोटो मोठा करून बघितला आणि बघतच राहिला. "चाळीस वर्षं टाक घडवतोय मी. हा तर सकाळपासून हातात होता. हिच्या कानात बाळी आहे, हे आत्ता दिसलं."

त्यानं हात धुतले, टाकाला नमस्कार केला, मग मुशीत सोडला.

वैजूनं पट्टी तशीच ठेवली. आबांनी काच परत मागितली नाही.

घरात कुणाचं तोंड नीट दिसेनासं झालं, तर आधी आपण दाणाभर सरकून बघावं. तरी नाहीच दिसलं, तर मग चष्म्याचा नंबर काढावा.