तालमीत लॅपटॉप

“…मग झेपंल का न्हाय ह्याला, वस्ताद?”

बाबालाल वस्तादांनी कट्ट्यावर उघडून ठेवलेल्या लॅपटॉपकडं पाहिलं. मग संताजीकडं पाहिलं. मग पुन्हा लॅपटॉपकडं.

“हे खातंय काय?”

“वीज खातंय, वस्ताद.”

“लई?”

“गेम जड असला की लई.”

वस्तादांनी मान डोलावली. एवढं त्यांना समजण्यासारखं होतं.

वारणाकाठच्या त्या गावात वस्तादांनी उभा जन्म पोरांना मातीत लोळवण्यात घालवला होता. कॉम्प्युटरला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. फोन आला तर तो उलटा धरून “कोण बोलतंय?” म्हणून ओरडायचे. अशा माणसाला, हा लॅपटॉप भारीतले गेम पेलेल का, असं विचारायला येणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. हे संताजीला कळत नव्हतं असं नाही. संताजी मगदूम हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

लॅपटॉप हे निमित्त होतं.

त्या तालमीतला कुणीही गडी मैदानाला निघाला की आधी वस्तादांपुढं उभा राहतो. वस्ताद त्याच्या पाठीवर हात ठेवतात आणि “जा” म्हणतात. त्याशिवाय गडी वेस ओलांडत नाही. संताजीही कधी ओलांडत नसे. मग दीड वर्षामागं एका मैदानात त्याचा उजवा खांदा निखळला, तो चीत झाला, आणि डॉक्टरांनी कुस्ती बंद केली. त्या दिवसापासून तो तालमीची पायरी चढला नव्हता. वस्ताद समोरून येताना दिसले तर बोळात शिरायचा.

हात गळ्यात अडकवून घरी बसल्या बसल्या तो गेम खेळायला लागला. पहिलवानाची जिद्द, ती कुठंही उपयोगी पडते. बघता बघता पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा खेळाडू उरला नाही. आता उद्या सांगलीला मोठी स्पर्धा होती. ज्यानं त्यानं आपापला लॅपटॉप आणायचा होता. सगळी तयारी झाली, बॅग भरली, आणि गड्याचा पायच उचलेना. पाठीवरचा हात पाहिजे होता. पण कुस्ती सोडलेल्यानं तो मागायचा कुठल्या तोंडानं? म्हणून लॅपटॉप पुढं केला.

“बोल की,” वस्ताद म्हणाले. “काय काय हाय ह्याच्यात?”

संताजीची कळी खुलली. प्रोसेसर कितव्या पिढीचा, रॅम केवढी, ग्राफिक्स कार्ड कुठलं, त्याची स्वतःची मेमरी किती, पडदा एका सेकंदात किती वेळा नवं चित्र दाखवतो… सगळं धडाधड सांगितलं. एकही आकडा चुकला नाही.

वस्तादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तू छाती सांगतोयस,” ते म्हणाले. “मी दम इचारतोय.”

“चाचणी घेतलीया की! ज्याच्याकडनं घेतला त्या चुलतभावाच्याच हापिसात. पैकीच्या पैकी मार्क पडले.”

“हापिसात थंड हवेचं यंत्र हाय?”

“…हाय.”

“किती येळ घेतलीस?”

“चाचणी लहानच असती, वस्ताद.”

वस्तादांनी भिंतीवरच्या बोर्डातून आपल्या रेडिओची पिन काढली.

“लाव हितं. खेळ.”

“आत्ता? दुपारचं? ह्या पत्र्याखाली?”

“मग काय रात्री माझ्या सपनात खेळतोस?”

संताजी कट्ट्यावर मांडी घालून बसला. लॅपटॉपखाली घोंगडी, हाताशी माऊस. गेम सुरू झाला. पडद्यावर जंगल उभं राहिलं, पानापानावर ऊन, ओढ्याच्या पाण्यात ढगांची हलती पडछाया. संताजीनं धडाधड चार गडी लोळवले.

“बघा वस्ताद! कसा पळतोय!”

वस्ताद पडद्याकडं बघतच नव्हते. त्यांनी उजवा तळवा लॅपटॉपच्या कडेला टेकवला होता आणि डोळे मिटले होते. नव्या पोराला जोर मारायला लावून ते असेच बसायचे. लोक पोराच्या दंडाकडं बघायचे. वस्ताद मात्र जोर थांबल्यावर पोराच्या पाठीवर तळवा ठेवायचे आणि वाट बघायचे.

बराच वेळ गेला.

आतला पंखा आधी गुणगुणत होता, मग घोंघावू लागला, मग कण्हू लागला. जंगल अडखळलं. संताजीचा गडी धावता धावता जागीच थिजला, पुन्हा दोन पावलं धावला, पुन्हा थिजला… आणि तेवढ्यात कुणीतरी त्याला आडवा केला.

“पडला?” वस्तादांनी डोळे उघडले. “उठीव की त्याला.”

“उठत न्हाय तो आता!” संताजीनं रागानं लॅपटॉपवर थाप मारली. “भिकारडं! फसवलं भावानं मला!”

“मारू नगंस. दमलंय ते.”

“दमायला काय झालं? एवढं भारी कार्ड हाय आत!”

“नाक कुठं हाय ह्याचं?”

“नाक?”

“वारा कुठनं घेतंय?”

संताजीनं लॅपटॉप उचलून बघितला. वारा घ्यायच्या फटी खालच्या बाजूला होत्या. सगळ्या घोंगडीत रुतलेल्या. हे त्याला आधीपासून माहीत होतं. चारचौघांना त्यानंच कितीदा तरी बजावलं होतं. त्याचे कान लाल झाले.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. जोर मारताना हाताखाली धरायचे दोन लाकडी ठोकळे त्यांनी कोपऱ्यातून आणले आणि लॅपटॉप त्यांच्यावर नीट ठेवला.

“आता सांग. ताकद किती लावलीयस ह्याला?”

“सगळी. सगळं वरच्या टोकाला ठेवलंय.”

“सलामीलाच?”

संताजीनं गेमच्या सेटिंग उघडल्या.

“काय कमी करता येतंय?”

“सावल्या कमी करता येतात. पाण्यातली पडछाया बंद करता येती. पण मग ते भारी दिसत न्हाय, वस्ताद.”

“कुणाला?”

संताजीनं मान वर केली. समोर आखाड्याची रिकामी माती होती, आणि बघायला तिथं वस्तादांशिवाय कुणी नव्हतं.

त्यानं सावल्या कमी केल्या. पाणी साधं केलं. हौसेखातर वर चढवलेलं एकेक सगळं खाली आणलं आणि पुन्हा खेळायला लागला.

जंगल आता जरा फिकं दिसत होतं. वस्तादांचा तळवा कडेला होताच. पंखा वाजत राहिला, पण कण्हला नाही. पत्र्यावरचं ऊन कलायला लागलं तरी गेम अडखळला नाही. संताजी जिंकला, हरला, पुन्हा जिंकला. तालमीत बसून आपण खेळतोय हे तो मधेच विसरूनही गेला.

मग वस्तादांनी तळवा लॅपटॉपवरून उचलला आणि त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवला.

“हे बी तापलंय,” ते म्हणाले.

“न्हाय वस्ताद. दुखत न्हाय आता.”

“दुखतंय का असं कोण इचारलं तुला?”

संताजीनं माऊस सोडला.

माऊस धरताना तो खांदा कानाकडं चढवून बसायचा. दुखऱ्या जागेला कुणाचा धक्का लागू नये म्हणून माणूस चोरून बसतो, तसा. घरात आईच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. वस्तादांनी अंगठ्यानं खांदा हळू खाली दाबला, मानेमागची गाठ शोधली आणि ती रगडायला लागले. त्या अंगठ्यात अजून तेवढंच बळ होतं. संताजीचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्याला काही जागाच नव्हती.

“टिकला,” लॅपटॉपकडं बोट दाखवून तो कसाबसा म्हणाला.

“टिकला.”

…

लॅपटॉप मिटला. वायर गुंडाळली. बॅगेची चेन लावली. तरी गडी उठेना.

“आजून काय?” वस्तादांनी विचारलं.

“काय न्हाय.”

“मग ऊठ.”

संताजी उठला. दारापर्यंत गेला. उंबऱ्याशी थांबला. बोलला तेव्हा त्याचं तोंड बाहेरच्या बाजूलाच होतं.

“वस्ताद, लॅपटॉपचं इचारायला मी आलोच नव्हतो.”

“व्हय.”

“उद्या सांगलीला जायचंय. कुस्तीला न्हाय. हे असलंच, बसून खेळायचं… लोकं हसतात. पण तुमचा हात पाठीवर पडल्याबिगर माझा पाय गावाभाईर पडत न्हाय. आन् मागायची लाज वाटती. तुमचं नाव घालवलं मी. त्या दिवशी सगळ्यांदेखत चीत झालो, आन् तुमाला तोंड बी दावलं न्हाय.”

बोलून झाल्यावर संताजीला धास्ती वाटली. नकोच होतं बोलायला. माझा गडी म्हणून आता ते मला कशाला मोजतील, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

मागं पावलं वाजली. मग पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तो रुंद तळवा पडला. दीड वर्षात त्याचं वजन जरासुद्धा कमी झालं नव्हतं.

संताजी “जा” ऐकायची वाट बघत उभा राहिला.

वस्तादांनी हात काढला नाही. “जा”ही म्हणाले नाहीत. बराच वेळ ते दोघं एकाच दिशेला, बाहेर उन्हात बघत राहिले…

“हरलास तर आदी हिकडं ये,” वस्ताद म्हणाले. “जिकलास तर ये मग कवाबी.”