कण्हेरडोहाची हाक

कण्हेरडोहावर बायका धुणे धूत असतात. पाण्यावरून एखादे फूल वाहत आले, की जिला ते आधी दिसेल ती हातातले धुणे टाकून पाण्यात शिरते, फूल ओंजळीत घेते आणि नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून मोठ्याने म्हणते, "आलो गं बाय, आलो!" बाई असून 'आलो' का म्हणते, म्हणून पाहुण्यांना हसू येते. हसू नये. ती हाक तिची नव्हे. ती हैबती गुरवाची आहे.

हैबती हा निवेखोलच्या शंकराचा गुरव. देवळावर कौले नव्हती, गवताचे छप्पर होते, तेव्हाची ही गोष्ट असे सांगतात. त्याची बायको लवकर गेली. मागे एकच लेक, आवडा. बापाजवळ बसून ती बेल निवडायला शिकली, पळसाच्या पानांचे द्रोण टोचायला शिकली. पोर डावखुरी होती. द्रोणाला टोचायची बांबूची काडी तिच्या हातून उलट्या बाजूने निघायची. "तुझा द्रोण ढिगातून ओळखू येतो," असे बाप म्हणायचा.

तिला दिली वाघशेतला, नदीच्या वरच्या अंगाला. तिकडची रीत अशी होती म्हणे, की माहेरचा मुऱ्हाळी न्यायला आल्याशिवाय सुनेने गावची वेस ओलांडायची नाही. बापलेकीला लिहिता-वाचता येत नव्हते. फुले तेवढी येत होती. पाठवणीच्या आदल्या दिवशी हैबतीने तिला देवासमोर बसवले आणि सांगितले,

"दर सोमवारी द्रोणात फुलं घालून पाण्यात सोड. तगर आली, तर सगळं बरं आहे असं समजेन. अबोली आली, तर तुला करमत नाही. आणि कण्हेर आली, तर पूजा अर्धी टाकून तुला न्यायला येईन."

"आणि भूक लागली तर काय सोडू, आबा? भोपळ्याचं फूल?"

"सोड की! भाकर डोक्याला बांधून पोहत येतो."

दोघेही हसली. पण देवासमोर दिलेला शब्द तो, हसत दिला म्हणून काय झाले?

वर्षभर तगर आली. हैबती ते द्रोण उचलायचा, डोळ्यांना लावायचा आणि जेवायला जायचा. मग अबोली येऊ लागली. नवे घर आहे, रुळेल हळूहळू, असे त्याने मनाला समजावले. पावसाळा लागला आणि एका सोमवारी द्रोणात भोपळ्याचे पिवळे फूल आले. हैबती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. शेजारच्या ठकूकाकीला नेऊन दाखवले.

ठकूकाकी हसली नाही. "हैबत्या, इतके दिवस अबोली सोडणारी पोर थट्टा कशी करेल रे?"

"तुला माझी आवडी ठाऊक नाही, काकी. लहानपणापासून अशीच आहे ती."

श्रावणातला सोमवार उजाडला. सगळा गाव देवळात लोटला होता. हैबतीने आधीच्या पूजेचे निर्माल्य पाट्या भरभरून नदीत सोडले. पाणी दिसेना, नुसती फुलेच फुले. तेवढ्यात वरून एक द्रोण आला आणि त्याच्या पोटरीला अडकला. तांबड्या कण्हेरीने भरलेला. श्रावणी सोमवार, वाघशेतच्या देवाचेही निर्माल्य वाहत आले असेल, असे त्याला वाटले. निर्माल्याला पाय लागू नये म्हणून तो बाजूला झाला. द्रोणाला हात लावून तो हात कपाळाला लावला, आणि आपल्याच हाताने तो द्रोण धारेला लावून दिला.

दुपारी तो प्रसादाचे द्रोण टोचत बसला होता. काडी पानातून निघाली आणि हात थांबला. पोटरीला अडकलेल्या त्या द्रोणाची काडी उलट्या बाजूने निघाली होती.

देवाला स्नान घातलेले, बेल वाहायचा राहिलेला. हैबती तसाच उठला. फडक्यात भाकर बांधली आणि काठाकाठाने धावत सुटला. वाटेत पाऊस लागला, नदी चढत गेली. वाघशेतला पोचला तेव्हा घाटावरचा कातळ बुडाला होता. काठावर बायका घोळक्याने उभ्या होत्या. त्यातली एक खाली मान घालून म्हणाली,

"सकाळपासून कातळावर बसली होती हो. सासू दोन दोन दिवस जेवू घालत नव्हती. पाणी वाढलं तशा आम्ही हाका मारल्या. ती म्हणाली, कण्हेर सोडली आहे, आबा आता येतील. ते आले आणि मी दिसले नाही तर?"

हैबती तिथून माघारी फिरला, तो पाण्याशी बोलत. "आलो गं बाय, आलो!" असे ओरडत तो काठाने ह्या डोहापर्यंत आला. कोणी म्हणतात, तो चालत पाण्यात शिरला. कोणी म्हणतात, बरीच वर्षे जगला आणि डोहाच्या काठावरची ही कण्हेर त्यानेच लावली. खरे काय ते नदीला ठाऊक. त्या दिवसाची पूजा मात्र अर्धीच राहिली.

म्हणून निवेखोलचे निर्माल्य आजही नदीत जात नाही, कण्हेरीखाली पुरतात. पाण्यावर फूल दिसले तर ते निरोपाचेच, दुसरे कशाचे नसावे, एवढ्यासाठी. वाघशेत गाव केव्हाच उठून गेले. वर आता नुसते रान आहे, तिथे कोणी वेल लावत नाही. तरीही श्रावणात आजही वरून भोपळ्याचे फूल येते, आत्ताच खुडल्यासारखे ताजे. बायका ते उचलतात, हाक देतात आणि डोहाच्या दगडावर भाकर ठेवतात.

हाक दिली, की त्या दिवशी दुसरे फूल येत नाही. द्यायची राहिली, तर दिवस मावळेपर्यंत येतच राहतात.