धुक्याच्या बेटावरचे डोमकावळे

फार फार जुनी गोष्ट. समुद्र कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं हे अजून कुणी ठरवलं नव्हतं, तेव्हाची. त्या धुक्यात एक बेट होतं, बेटावर एक राज्य होतं आणि राजवाड्याच्या बुरुजावर डोमकावळे राहत होते. ते बुरुजावर आहेत तोवरच राजाचं सिंहासन टिकेल, अशी तिथली पक्की समजूत. राजे येत, राजे जात. कावळे मात्र जागचे हलत नसत. लोक म्हणत, इमान असावं तर असं.

एकदा तिथला म्हातारा राजा लांबलेल्या आजारपणात गेला. दवंडीवाल्यानं रिवाजाप्रमाणे एकाच दमात सांगितलं, "महाराज गेले, राणीसरकार चिरायू होवोत." सिंहासन क्षणभरही रिकामं राहता कामा नये ना! राजाची एकुलती एक मुलगी राणी झाली; तिला रडायलाही सवड मिळाली नाही.

राज्याभिषेकाच्या पहाटे प्रधानजी तिला बुरुजावर घेऊन गेले आणि त्यांनी तिच्या हाती चांदीची कात्री दिली.

"ही कशाला?"

"पंख कातरायला, राणीसरकार. दर वर्षी राजानं स्वतः, गुपचूप कातरायचे. महाराज अंथरुणाला खिळले, म्हणून यंदा राहून गेलं. बघा, केवढे वाढलेत."

ती कात्रीकडे बघतच राहिली. लहानपणी ज्या इमानाच्या गोष्टी ऐकत ती झोपी जायची, ते इमान हे असं होतं. तिला फार वाईट वाटलं.

"आणि नाही कातरले तर?"

"उडून जातील. मग सूर्यास्ताला बुरुज रिकामा दिसला, तर सिंहासन तुमच्या काकांचं." प्रधानजी म्हणाले. बिचाऱ्यांची हयात त्या कात्रीला धार लावण्यात गेली होती.

सिंहासन तिला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. तरी तिनं कात्री धुक्यात भिरकावून दिली. ती पाण्यात पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

कावळ्यांनी पंख पसरून पाहिले, एकमेकांकडे बघितलं आणि ते उडाले. धुक्यानं त्यांना पोटात घेतलं.

मुकुट दिवसभर मखमली उशीवर पडून राहिला. काका नवा अंगरखा घालून दोनदा घसा खाकरून गेले. ती मात्र बुरुजावर बसून होती. उन्हं कलली, धुकं केशरी झालं आणि त्यातून पंखांची फडफड ऐकू आली. सगळ्यात म्हातारा डोमकावळा कठड्यावर उतरला, मागोमाग बाकीचे.

"कुठे गेला होतात?" तिनं विचारलं.

"राज्य बघायला," कावळा म्हणाला. "इतकी वर्षं राखलं, पण बघितलं कधीच नव्हतं. छान आहे गं पोरी. राहू आम्ही."

तेव्हा कुठे तिला वडिलांच्या आठवणीनं रडू आलं.

त्या संध्याकाळी तिच्या डोक्यावर मुकुट चढला. पुढे तिथला प्रत्येक राजा सकाळी आधी बुरुजाकडे बघायचा, मग सिंहासनावर बसायचा, आणि जरा जपूनच बसायचा.

ज्याला जायची मोकळीक असते, त्याच्याच राहण्याला इमान म्हणावं.