बारा कारंजी, बारा सतारी

राजाचा नवा उन्हाळी महाल असा, की भिंतींतून झुळझुळणारं पाणी ऐकता ऐकता डोळे आपोआप मिटावेत. नळकाम पारखणाऱ्या रखमाबाईलाही तिथे पेंग येई. पण पसंतीचा शिक्का काही ती उठवेना.

"बाराही कारंजी एकदम सोडून दाखवा," एवढाच तिचा हट्ट.

"एकेक करून सगळी दाखवली ना!" दिवाण व्यंकाजीपंत कडाडले. "उद्या गृहप्रवेश. शिक्का मार, नाहीतर घरी बस!"

"उद्या मारते. पण गृहप्रवेशाला वाजवणारे सतारिये मी बसवणार."

दुसऱ्या दिवशी तिने बारा सतारियांना बारा दालनांत बसवून सतारी लावायला सांगितल्या. पंत दारोदार फिरून प्रत्येकाला 'वाहवा' देऊन आले. मग सगळे महाराजांसमोर एकत्र वाजवू लागले. जो तो आपल्याच पट्टीत! पेंगुळलेले महाराज दचकून उठले.

"मूर्खांनो," पंत ओरडले, "आधी एकत्र बसून लावून बघायला काय झालं होतं?"

रखमाबाई हात जोडून म्हणाली, "पंत, कारंज्यांबद्दल मी दुसरं काय म्हणत होते?"

महाराजांनी हसत बाराही तोट्या एकदम उघडायला लावल्या. अकरा कारंजी जेमतेम गुडघाभर उडाली. महाराजांच्या पलंगाशेजारचं कोरडंच राहिलं, आणि शिक्का रखमाबाईच्या कनवटीलाच.